वाचनालयाचा बाल विभाग : साडेतीन स्टार, उरलेला दीड कुठे गेला ते खाली लिहिलंय

आधीच सांगते, वाचनालयाचं नाव लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की कमिटीतलं कोणीतरी येऊन उत्तर देणार आणि मग ते सगळं काउंटरवरच्या ताईंच्या अंगावर येणार, आणि त्यांचं यात काहीएक चुकलेलं नाही. नाशिक, सिडकोची बाजू, खाली पेपरांचं लांब टेबल, वर अभ्यासिका, पुढे लोखंडी शटर. ज्यांची पोरं तिथे जातात त्यांना एवढ्यावरून कळेल. ज्यांना नाही कळणार त्यांच्याही गल्लीत असंच एखादं असेलच, त्यामुळे फार बिघडत नाही.

दुसरं म्हणजे हा एकदा जाऊन आले, फोटो काढला, पाच स्टार टाकले असला रिव्ह्यू नाहीये. पोरगा दोन वर्षं तिथे जातोय. मी स्वतः महिन्यातून चार-पाच वेळा जाते, वर्गणी भरायला, नाहीतर त्याला उचलून आणायला.

आणि खोटं कशाला बोलू, पुस्तकांसाठी म्हणून नाव घातलंच नव्हतं. दुपारसाठी घातलं होतं.

झालं असं की पोरगा आत्ता चौथीत आहे. आधी त्याची शाळा सकाळची होती, पावणेसातला व्हॅन, साडेबाराला घरी, अर्धवट झोपेतच डबा खायचा. मग २०२४ च्या फेब्रुवारीत जीआर आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, मुलांची झोप होत नाही म्हणून, आणि झोपेचं म्हणाल तर खरंच फरक पडला, सकाळची रडारड बंद झाली, पण त्या जूनपासून घराची बाकीची घडी पार विस्कटली. आता शाळा सुटते पावणेदोनला, व्हॅन घरी टाकते सव्वादोनला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मला घरी यायला सात. मिस्टर अंबडला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट असली तर चारपर्यंत येतात, सेकंड असली तर रात्री बारा. घरी सासूबाई आहेत पण त्यांचे गुडघे गेलेत आणि दुपारी दोन ते चार त्या झोपतात, ती त्यांची हक्काची झोप आहे, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. म्हणजे उरलं काय तर पोरगा आणि आजीचा मोबाइल.

हे असंच चालू राहिलं असतं बहुतेक. पण आईंचा रोजचा दीड जीबी डेटा दुपारी साडेतीनलाच संपायला लागला आणि संध्याकाळी त्यांचं कीर्तन गोल गोल फिरत अडकायला लागलं. तेव्हा घरात विषय निघाला. पोराच्या डोळ्यांवरून नाही, कीर्तनावरून.

मग पर्याय बघितले. पाळणाघरवाल्या म्हणाल्या आठ वर्षांच्या पुढचं मूल आम्ही घेत नाही, मोठी मुलं लहानांना मारतात. ट्यूशनवाले म्हणाले महिन्याचे बाराशे, दोन तास, होमवर्क करून घेऊ. आता चौथीच्या पोराला दोन तास होमवर्क कुठून आणायचा! क्रिकेट कोचिंग संध्याकाळी, त्यात बॅट, पॅड, बूट आपले. शेवटी लॅबमधल्या एका मॅडमनी सांगितलं की वाचनालयात टाक, तिथे मुलं बसतात. अनामत दोनशे, महिन्याची वर्गणी वीस रुपये. वीस. मी दोनदा विचारून घेतलं की वर्षाचे का महिन्याचे.

आता तिथे काय आहे ते सांगते.

बाल विभाग म्हणजे जिन्याखालचा कोपरा. दोन बुटकी टेबलं, एक प्लास्टिकची चटई, तीन कपाटं. भिंतीवर कधीतरी रंगवलेलं झाड आहे, त्याची खालची पानं पोरांच्या पाठी टेकून टेकून पुसली गेलीत. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, पहिले दोन दिवस नाकाला लागतो नंतर कळत नाही. पंखा चालू आहे. ट्यूबलाइट एक चालू, एक फडफडते. कपाटांच्या वर डॉ. रंगनाथन यांचा फोटो आहे, ते भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात ते, १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन असतो तेव्हा फोटोला हार घालतात. तर ह्या रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली आणि त्यातलं पहिलंच आहे की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. आणि त्यांच्या बरोब्बर खाली तिसरं कपाट. कुलूपबंद. काचेतून दिसतात, रंगीत जाड विश्वकोश, प्राण्यांचे, अवकाशाचे, चकचकीत, कोणीतरी देणगी दिलेले. मुलांनी फाडू नयेत म्हणून बंद. किल्ली सेक्रेटरी साहेबांकडे. माझा पोरगा दोन वर्षं काचेला नाक लावून शार्कच्या पुस्तकाचं फक्त कव्हर वाचतोय.

अर्धा स्टार इथे गेला.

पण उघडी दोन कपाटं आहेत ती बरी आहेत, म्हणजे बरी म्हणजे मिसळ आहे. ज्योत्स्ना प्रकाशनची आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची आहेत, प्रथम बुक्सची पातळ पातळ चित्रांची आहेत ज्यांच्यावर लेव्हल १ ते ४ लिहिलेलं असतं, त्याचा फार उपयोग होतो कारण पोराची शाळा सेमी-इंग्लिश आणि शेजारच्याची फुल इंग्लिश, त्या दुसऱ्याला मराठी वाचता यायचं पण जोडाक्षर आलं की गाडी पंक्चर. तो लेव्हल १ पासून बसला, कोणी हसलं नाही कारण कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि वर्षभरात तीनवर आला. त्याची आई मला म्हणते तुम्ही कुठला क्लास लावला ते सांगा ना. क्लास नाही हो लावला, चटई लावली.

किशोर येतो दर महिन्याला, बालभारतीचा, १९७१ पासून निघतोय म्हणजे मी वाचला, माझ्या मोठ्या बहिणीने वाचला आणि आता हा वाचतो. वाचनालयात नवा अंक आला की पहिल्या दिवशी मारामारी, म्हणून ताईंनी नियम केलाय की नवा अंक पंधरा दिवस घरी न्यायचा नाही, तिथेच बसून वाचायचा. हा नियम मला आवडला. जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, घरी कॉम्प्युटर असेल तर बघा, पण आमच्याकडे तो प्रयोग फसला कारण स्क्रीन हातात आली की किशोर पाच मिनिटं आणि नंतर भलतंच.

बाकी जे आहे ते मात्र भरती. तीस-चाळीस पानांची, पिवळट कागदाची, सगळ्यांची तीच बोधकथा तेच चित्र, राजा एकच फक्त मिशी वेगळी. असली पुस्तकं ओळीने शंभर. हे का घेतात असं एकदा ताईंना विचारलं तर हसल्या फक्त. नंतर मला दुसऱ्या एका निवृत्त ग्रंथपालांकडून कळलं की वाचनालयाचा वर्ग म्हणजे अ, ब, क, ड ठरताना एकूण ग्रंथ किती ते बघतात, आणि वर्गावर अनुदान, त्यामुळे पाचशेच्या एका पुस्तकापेक्षा तीसची पंधरा घेतली की रजिस्टर जाड दिसतं. सगळे तसं करत असतील असं नाही म्हणत मी. पण आमच्या कपाटाकडे बघून दुसरं कारण सुचत नाही.

एक गंमत सांगते. पुस्तकाच्या मागे ती तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, शिक्के मारलेली. पोराला ती वाचायचा नाद लागला. पुस्तक उघडलं की आधी मागचं पान. "आई हे बघ, हे २००९ नंतर कोणी नेलंच नाही, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून इथेच बसलंय." आणि मग तेच आणणार, कीव येते म्हणून. अशी त्याने आतापर्यंत कीव येऊन सतरा पुस्तकं वाचली. त्यातली तीन म्हणे भारी होती, बाकीची का कोणी नेली नाहीत ते कळलं. हा हिशोब त्याचा, मी फक्त लिहिला.

आता ताईंबद्दल. बाल विभागाला वेगळा माणूस नाहीये, एकच ताई, देवघेव त्याच बघतात, पेपर त्याच लावतात, वर्गणी त्याच घेतात, वर अभ्यासिकेत कोणाचा मोबाइल वाजला तर ओरडायला पण त्याच जातात. तरी शनिवारी साडेचारला अर्धा तास चटईवर बसून गोष्ट वाचून दाखवतात. वाचायची त्यांची एक पद्धत आहे, जिथे सगळ्यात मजा येते तिथे घड्याळाकडे बघतात आणि पुस्तक मिटतात. "पुढचं ज्याला पाहिजे त्याने घेऊन जा." मग एका पुस्तकासाठी सहा हात. मग चिठ्ठ्या टाकतात. एका शनिवारी मला सुट्टी होती तर मी मागे उभी होते, गोष्टीत विहिरीत कोणीतरी आवाज देतंय इथपर्यंत आलं आणि ह्यांनी मिटलं पुस्तक! मला चाळिशी आलीये आणि मी घरी येऊन पोराला विचारतेय की तुला नंबर लागला का रे.

तिथे एक मुलगी येते, पाचवी-सहावीतली असेल, आई आमच्याच भागातल्या दोन-तीन सोसायट्यांत कामाला जाते. तिचं कार्ड नाहीये. मी सहज विचारलं ताईंना तर म्हणाल्या, "आत बसून वाचायला पैसे कुठे लागतात? मुक्तद्वार आहे ना." खरंच बोर्डावर लिहिलंय, मुक्तद्वार वाचन विभाग, मला आत्तापर्यंत वाटायचं ते पेपर वाचणाऱ्या आजोबांसाठी असतं. ती मुलगी चार ते साडेसहा बसते, आई शेवटचं काम उरकून येते आणि शटरपाशी हाक मारते. एवढ्यासाठी एक स्टार माझा फिक्स आहे, तो मी कितीही चिडले तरी कापणार नाही.

आणि आता चिडायचं काय ते.

वेळ.

वाचनालय सकाळी ८ ते ११:३० आणि संध्याकाळी ४ ते ८. त्यात बाल विभाग ४ ते ६:३०. सोमवारी बंद. आता हे टाइमटेबल कोणाला बरोबर बसतं बघा. सकाळी आठला पेपर वाचायला रिटायर्ड मंडळी, साडेअकराला ते जेवायला घरी, दुपारी वामकुक्षी, चारला चहा पिऊन परत. झकास बसतं. पोरांना बघा. नऊच्या शाळेची पोरं दोनला मोकळी, सकाळच्या शाळेची मोठी पोरं तर साडेबारालाच मोकळी, आणि दुपारच्या अधिवेशनाची साडेपाचला सुटतात ती दप्तर टाकून येईपर्यंत सहा वाजलेले, म्हणजे त्यांना अर्धा तास. मुलांसाठी अडीच तास उघडं ठेवायचं तर ते नेमके असे अडीच तास कसे सापडले याचं मला खरंच कौतुक वाटतं.

मग होतं काय. पोरं तीनलाच येऊन पायऱ्यांवर बसतात. रोज. मी एकदा लॅबमधून सॅम्पल पोचवायला त्या बाजूने चालले होते तेव्हा बघितलं, तीन वाजून दहा मिनिटं झालेली, शटर बंद, पायऱ्यांवर नऊ पोरं. एक जण शाळेच्या वहीवर वही ठेवून गृहपाठ करतोय, दोघं बाटलीचं झाकण मारत खेळतायत, आमचे चिरंजीव बंद शटरला पाठ लावून कालचंच पुस्तक परत वाचतायत, उन्हात, डोळे बारीक करून. वाचनालयाच्या दारात वाचतोय! आत दोन पंखे, चार टेबलं, सगळं रिकामं. चारला दहा कमी असताना ताईंची स्कूटी आली की सगळे उठून उभे, दोन मोठी पोरं शटरला हात लावतात कारण ते ताईंना एकटीला उचलत नाही. बघायला छान वाटतं. पण एप्रिलमध्ये तीन वाजताच्या उन्हात नाही छान वाटत हो.

अख्खा स्टार इथे गेला. आणि पुढच्या वर्षी पोरगा पाचवीत, तो जीआर चौथीपर्यंतच आहे, म्हणजे परत सकाळची शाळा, परत साडेबाराला घरी. साडेबारा ते चार किती झाले ते करा हिशोब.

आणि एक दिवस तर कहर झाला. शुक्रवार होता. सत्काराचा कार्यक्रम होता म्हणे, कोणा मोठ्या माणसाचा, हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या म्हणून बाल विभाग बंद, ताईंनाही दुपारीच कळलं. नोटीस नाही, मेसेज नाही. पोरगा चारपासून पायऱ्यांवर. बाकीची पोरं घरी गेली, हा गेला नाही कारण मी सांगून ठेवलंय की तिथून हलायचं नाही मी किंवा पप्पा येईपर्यंत, आणि त्या दिवशी पप्पा सेकंड शिफ्टला. मी सव्वासातला पोचले तर हा हार-बुकेवाल्या लोकांच्या चपलांच्या ढिगाशेजारी बसलेला. कोणीतरी त्याला पेढा दिला होता. मी तणतणत आत गेले तर एक सद्गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे वाचनालय आहे, पाळणाघर नाही."

त्या वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस मनातल्या मनात भांडत होते. आंघोळ करताना, ट्यूबवर लेबल लावताना. मग हळूहळू राग उतरला आणि त्यांचं पण थोडं पटायला लागलं, सांगायला लाज कशाला. मूल पडलं, कोणी घेऊन गेलं तर जबाबदार कोण. पोरांची नोंद ठेवणारं रजिस्टर नाही. टॉयलेट एकच, त्याची कडी तुटलेली, मुली जातात तेव्हा दुसरी मुलगी बाहेर उभी राहते. प्यायच्या पाण्याचा माठ आहे, ग्लास साखळीने बांधलेला. अशा जागेत चाळीस पोरं सांभाळायची म्हणजे त्या एकट्या ताईंचं काय होईल. पण मग त्यावर उपाय काढायचा ना, का बोर्डावर मोठ्या अक्षरात बाल विभाग लिहायचं आणि बालक आलं की पाळणाघर नाही म्हणायचं?

ताईंना दुपारी का उघडत नाही असं विचारलं तर त्यांनी जे सांगितलं त्यात मला उत्तर मिळालं. आपल्याकडची ही सार्वजनिक वाचनालयं सरकारी नसतात. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, १९६८ च्या एक मेपासून लागू झालेला, त्याखाली गावोगावच्या संस्था वाचनालय चालवतात आणि सरकार मान्यता आणि अनुदान देतं. राज्यात अशी अकरा हजारांच्या वर आहेत. कर्मचाऱ्याचा पगार त्या अनुदानातूनच भागवायचा, आणि अनुदान वर्षातून हप्त्याहप्त्याने येतं. २०२२ ला साठ टक्के वाढ झाली अनुदानात, पण ताईंच्या मूळ पगाराचा आकडा ऐकलात तर साठ टक्क्यांचं कौतुक वाटणार नाही, मी इथे लिहीत नाही, एवढंच सांगते की आमच्या लॅबच्या शिकाऊ पोराला त्यापेक्षा जास्त मिळतं. आता ह्या पगारात सकाळी साडेतीन तास आणि संध्याकाळी चार तास त्या करतात. दुपार त्यांची स्वतःची आहे, त्यांना पण पोरं आहेत, त्यांची पोरं दुपारी कुठे असतात हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

आणि वर अभ्यासिका आहे ना, एमपीएससी-पोलीस भरतीवाली, ती मात्र सकाळी सहा ते रात्री अकरा चालू. ती पोरं महिन्याला सहाशे देतात. आमची वीस. जो पैसे देतो त्याच्यासाठी दार उघडं, हे मला कळतं, संस्थेला वीजबिल भरायचंय. पण किल्ली म्हणजे मागच्या जिन्याची, ती दिवसभर अभ्यासिकेतल्या पोरांकडेच असते! म्हणजे इमारत बंद नसतेच कधी, फक्त खालचं शटर बंद असतं.

त्या वरच्या पोरांबद्दल माझं मत आधी वाईट होतं कारण ती सारखी खाली येऊन "ए आवाज" म्हणायची. आता बदललंय. त्यातला एक नंदुरबारकडचा आहे, इथे रूम करून राहतो, तो संध्याकाळी पाचला चहाला खाली उतरतो तेव्हा दहा मिनिटं आमच्या पोरांच्या टेबलाशी थांबतो. अपूर्णांक त्याने शिकवले माझ्या पोराला, माठावरच्या झाकणावर खडूने रेघा मारून. शाळेत, घरी, माझ्याकडून जे डोक्यात शिरत नव्हतं ते दोन संध्याकाळीत शिरलं. ताईंनी पुसून घेतलं नंतर झाकण, पण पाव आणि अर्धा याच्या पुसट खुणा अजून दिसतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच होतं की दुपारी दोन ते चार अशा वरच्या दोन पोरांना खाली बसवा, बदल्यात त्यांची फी अर्धी करा. एक रजिस्टर ठेवा, आला किती वाजता गेला किती वाजता, न्यायला कोण येणार. कपाटांना हात नाही लावला तरी चालेल, देवघेव चारनंतरच करा, फक्त चटई आणि पंखा. वर्गणी वीसची शंभर करा, आम्ही देऊ, ज्यांना नाही जमत त्यांचे मुक्तद्वार आहेच. हे मी कमिटीतल्या एका काकांना भेटून सांगितलं. काकांनी चहा पाजला, म्हणाले कल्पना चांगली आहे, सर्वसाधारण सभेत मांडू. सभा सप्टेंबरात असते. मी मार्चमध्ये गेले होते.

तुलना करायची म्हणून सांगते, नाशिकला वाचनालयाचं कौतुक नाही असं नाही. आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० सालचं आहे, माझे आजोबा सावाना शिवाय दुसरं नाव घ्यायचे नाहीत. ग्रंथ तुमच्या दारी ही योजना कुसुमाग्रज प्रतिष्ठानची, २००९ ला इथूनच सुरू झाली, शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची, ती आता परदेशातल्या मराठी लोकांपर्यंत पोचलीये. म्हणजे पुस्तक माणसापर्यंत न्यायची अक्कल या गावाला चांगलीच आहे. पेटी दुबईला जाऊ शकते तर आमचं शटर दोन तास आधी वर जायला काय अडचण आहे, असा माझा बाळबोध प्रश्न.

आमच्या सोसायटीत तशी पेटी मागवू का असा विचार मी केला होता. मग लक्षात आलं की पेटी आली तरी ती कोणाच्या तरी घरातच उघडणार, आणि दुपारी त्या घरात मोठं माणूस पाहिजेच. पोराला नुसतं पुस्तक नकोय, त्याला पायऱ्यांवरची ती आठ डोकी पण पाहिजेत, आणि कोणीतरी मोठं जे त्याच्याकडे बघत नाहीये पण तिथे आहे. घरी त्याच्याकडे कोणी बघत नाही तेव्हा तो मोबाइल घेतो. तिथे कोणी बघत नाही तेव्हा २००९ चं पुस्तक घेतो. मला यामागचं शास्त्र माहीत नाही, दोन वर्षं बघतेय म्हणून सांगते.

जाणार असाल तर काही कामाच्या गोष्टी. अनामतीची पावती जपून ठेवा, ती हरवली तर दोनशे विसरा. दंड दिवसाला एक रुपया, पण ताई पोरांकडून घेत नाहीत, त्याऐवजी उशीर झालेल्या पुस्तकाची गोष्ट उभं राहून सांगायला लावतात, काही पोरं मुद्दाम उशीर करतात. बाटली घरून द्या. मुलीला एकटीला पाठवणार असाल तर आधी एकदा टॉयलेटची कडी बघून या, मी स्वतः लोखंडी कडी घेऊन गेले होते मागच्या महिन्यात, लावतो म्हणाले, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे अजून. पावसाळ्यात जिन्याखाली पाणी गळतं, तेव्हा चटई पेपरांच्या टेबलाखाली सरकवतात आणि पोरं आजोबांच्या पायांमध्ये बसून वाचतात, ते आजोबा लोक पण मग पेपरातलं शब्दकोडं खाली पास करतात. पावसाळा सीझन बेस्ट आहे असं पोराचं मत.

पोराने पाच स्टार सांगितलेत. शार्कचं पुस्तक दिलं तर सहा म्हणतो. माझे साडेतीन. आणि इथे अर्धा स्टार देताच येत नाही त्यामुळे वर तीन दिसतायत, ताईंनी वाचलं तर वाईट वाटून घेऊ नये.

शेवटचं, काउंटरवर एक सूचना वही असते, सुतळीला बांधलेलं पेन असलेली. त्यात गेल्या महिन्यात पोरांनी आपलं आपण लिहिलंय, मला नंतर कळलं. "दुपारी उघडा. आम्ही आवाज करणार नाही. शटर आम्ही उचलू." खाली अकरा सह्या, त्यातल्या दोन तर सहीऐवजी चित्रं. त्याखाली लाल पेनाने उत्तर आलंय, "नोंद घेतली." सप्टेंबरची सभा झाली की रिव्ह्यू अपडेट करते.